फॉर्मवर ‘स्मोकिंग: नाही’ लिहिलं होतं, टाळू वेगळंच सांगत होती

मी ठाण्यात, नौपाड्यात, गेली १९ वर्षं दातांची प्रॅक्टिस करतेय. पाइप ओढणाऱ्या एका काकांची ही केस लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. काकांनाच विचारलं, लिहू का? ते म्हणाले लिहा, फक्त माझं नाव नको आणि कंपनीचं पण नको. म्हणून नाव नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत, बाकी तोंडात जे दिसलं आणि रिपोर्टमध्ये जे आलं ते तसंच्या तसं.

काका ६८ वर्षांचे, पाचपाखाडीत राहतात. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत इंजिनिअर होते, रिटायर होऊन आठ वर्षं झाली. शिस्तीचे गृहस्थ, सकाळी योगा, संध्याकाळी तलावपाळीला चालत एक फेरी, साखर नाही, बीपीची एक गोळी. जूनमध्ये भर पावसात आले, सोबत काकू. तक्रार एवढीच की वरची डावीकडची दाढ हलतेय, काढून टाका आणि तिथे इम्प्लांट बसवा, मुलीने सांगितलंय की हल्ली सगळे इम्प्लांटच करतात.

आमच्याकडे नवीन पेशंटला फॉर्म देतात. त्यात तेव्हा असं छापलेलं होतं: सिगारेट, बिडी, गुटखा, मावा, मशेरी, होय की नाही. काकांनी ‘नाही’वर टिक केली होती. खोटं काहीच बोलले नव्हते ते, यातली एकही गोष्ट ते घेत नव्हते. हे मी आधीच सांगून टाकते कारण चूक फॉर्मची होती, म्हणजे माझी होती, काकांची नाही. आणि मी एकटीच नाही, त्यांची जुनी फाइल नंतर बघितली तर बीपीच्या डॉक्टरांकडे, एका हेल्थ चेकअपच्या रिपोर्टवर, डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी, सगळीकडे नॉन-स्मोकर. इतक्या ठिकाणी तपासलेला माणूस आणि कागदावर एकदाही पाइप नाही.

तर खुर्चीत बसवलं, लाइट लावला, दाढ बघायच्या आधी सवयीने टाळू बघितली आणि हात थांबला.

टाळूचा मागचा भाग गुलाबी असायला हवा तो पांढरट-राखाडी झाला होता, जाडसर, बारीक बारीक उंचवटे, आणि प्रत्येक उंचवट्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका. ते लाल ठिपके म्हणजे लाळेच्या छोट्या ग्रंथींची सुजलेली तोंडं. गरम धुराचा झोत वर्षानुवर्षं टाळूवर आदळत राहिला की अस्तर स्वतःला वाचवायला जाड होत जातं आणि त्यात ही तोंडं उघडी पडतात. आमच्या भाषेत स्मोकर्स पॅलेट. एकदा बघितलं की परत विसरत नाही असं चित्र आहे ते, आणि पाइपवाल्यांमध्ये ते इतकं ठळक दिसतं की कॉलेजच्या पुस्तकात याचं उदाहरण म्हणून पाइप ओढणाराच असायचा.

मी विचारलं, काका, सिगारेट?
“छे. सोडून ३३ वर्षं झाली.”
बिडी? चिलीम? हुक्का?
तेव्हा काकूच बोलल्या, “अहो पाइप सांगा ना.”
“पाइप ओढतो मी. पण तो आत घेत नाही डॉक्टर. नुसता तोंडात फिरवतो आणि सोडतो. ते स्मोकिंगमध्ये येत नाही.”

मग मी म्हटलं, दात मिटा जरा. वरखालचे दात नीट जुळले, फक्त डावीकडे सुळा आणि त्याच्या मागची उपदाढ यांच्यामध्ये एक लंबगोल फट राहिली, वरचे दोन आणि खालचे दोन दात मिळून घासले गेलेले, कडा गुळगुळीत, आतून चकचकीत. दात पूर्ण मिटलेले असताना त्या फटीतून मला जिभेची कड दिसत होती. काकांनी न सांगता शर्टाच्या खिशातून चामड्याची थैली काढली, त्यातून पाइप काढला, ब्रायर नावाच्या लाकडाचा, काळपट झालेला, आणि त्याची नळी त्या फटीत ठेवली. किल्ली कुलपात बसावी तशी बसली. बोलताना सुद्धा पडत नव्हता तो, हात न लावता. ३३ वर्षं एकाच जागी धरल्यावर दातांनी जागा करून दिली होती. युरोपात जुन्या कबरींमधल्या सांगाड्यांच्या दातांमध्ये मातीच्या पाइपने पडलेल्या अशाच गोल फटी सापडतात, म्हणजे ही खूण शेकडो वर्षं जुनी आहे.

आता ती फट जिभेच्या ज्या कडेसमोर होती तिथे मी गॉजने जीभ धरून बाजूला केली. डाव्या कडेवर एक पांढरा चट्टा, साधारण १४ बाय ८ मिलिमीटर, थोडासा खरबरीत. गॉजने पुसून बघितला, निघाला नाही. दुखतं का विचारलं तर म्हणाले कधीकधी चुरचुरतं, पण ते टंग बाइट आहे, तंबाखू ओली असली की होतं, पाइपवाल्यांना सगळ्यांना माहीत असतं. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यांच्या शौकातच त्या लक्षणाला एक नाव होतं, आणि नाव असलं की माणूस डॉक्टरकडे जात नाही, तंबाखूचा ब्रँड बदलतो.

हिरड्यांची गोष्ट वेगळीच. मोजपट्टीने दाताभोवतीची खोली मोजली तर ठिकठिकाणी ६-७ मिलिमीटर (३ पर्यंत ठीक असते), एक्सरेत हाड बरंच खाली गेलेलं, दाढ हलत होती ती यामुळेच. पण रक्त जवळजवळ नाहीच. निकोटीनने हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आकसतात त्यामुळे आजार असून रक्त येत नाही आणि माणूस समजतो हिरड्या मस्त आहेत. ब्रश करताना रक्त येणं ही शरीराची बेल असते, ती बेलच बंद पडलेली.

त्या दिवशी दाढेला हात लावला नाही. काकांना म्हटलं, इम्प्लांटचं नंतर, आधी जिभेच्या त्या चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवायचाय. काकू एकदम गप्प झाल्या. काका म्हणाले, “गुटखा खाणाऱ्यांना होतं ना हे?”

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून इथे थोडं थांबते. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर म्हटलं की डोळ्यासमोर गुटख्याच्या पाकिटावरचा फोटो येतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तेव्हापासून तर तंबाखूचा धोका म्हणजे गुटखा असंच डोक्यात बसलंय. भारतातल्या पुरुषांमध्ये ओठ आणि तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांमध्ये आहे आणि त्यातला मोठा वाटा चघळायच्या तंबाखूचा आणि सुपारीचा आहे हे खरंच. पण काकांच्या मनात त्यात एक दर्जाचा पण भाग होता, की गुटखा वेगळ्या लोकांचा आणि पाइप शिकल्यासवरल्या लोकांचा. काकांना पाइप मिळाला तोच मुळी कंपनीतल्या साहेबांकडून, साहेब जर्मनीहून आले तेव्हा भेट म्हणून. काका तेव्हा ३५ चे, ११ वर्षं सिगारेट ओढून सोडायची खटपट चाललेली, रोज आठ-दहा व्हायच्या. साहेब म्हणाले सिगारेट सोड, हा घे, हा आत घ्यायचा नसतो, साहेबांनी चांगल्या मनानेच दिला होता तो.

आणि खरं सांगायचं तर साहेबांचा समज अगदीच हवेतला नव्हता. ११ जानेवारी १९६४ ला अमेरिकेच्या सर्जन जनरलचा (तिथले सरकारी आरोग्य प्रमुख) जो प्रसिद्ध रिपोर्ट आला, ज्याने सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचं नातं जगाला ठणकावून सांगितलं, त्याच रिपोर्टमध्ये असं होतं की पाइप ओढणाऱ्या पुरुषांचा एकूण मृत्युदर न ओढणाऱ्यांपेक्षा फारसा जास्त दिसत नाही. हे वाक्य लोकांनी उचललं. पण त्याच रिपोर्टमध्ये हेही होतं की पाइप आणि ओठाचा कॅन्सर यांचं कारण-परिणामाचं नातं सिद्ध झाल्यासारखं दिसतं, ते कोणी उचललं नाही. खरं तर हे १७९५ मध्येच झ्योमरिंग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, की मातीचा पाइप ओढणाऱ्यांना ओठावर कॅन्सर होताना दिसतो. सिगारेट घराघरात पोचायच्या शंभर वर्षं आधी.

नंतर मोठा अभ्यास आला २००४ मध्ये. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९८२ पासून लाखो लोकांची नोंद ठेवलीय, त्यातले १ लाख ३८ हजारांवर पुरुष निवडले, त्यात १५ हजारांवर असे की ज्यांनी आयुष्यात फक्त पाइपच ओढला, सिगारेट कधी नाही. १८ वर्षं बघितलं. तंबाखूला कधीच हात न लावलेल्यांच्या तुलनेत सध्या पाइप ओढणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने मृत्यूचा धोका ५ पट, स्वरयंत्राच्या कॅन्सरचा १३ पट, तोंड-घशाच्या कॅन्सरचा जवळजवळ ४ पट, अन्ननलिकेच्या कॅन्सरचा जवळजवळ अडीच पट, सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार) ३ पट, हृदयविकाराचा साधारण ३० टक्के जास्त. स्वादुपिंड आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर पण वाढलेला. सिगारेटवाल्यांचा फुफ्फुसाचा धोका याहून कितीतरी पट जास्त असतो, ते मी काकांपासून लपवलं नाही. पण सिगारेटपेक्षा कमी म्हणजे कमी असं नसतं. आणि काका त्या १५ हजारांत बसतही नाहीत, कारण त्यांच्या खात्यावर आधीची ११ वर्षं सिगारेटची आहेत.

बायोप्सी माझ्या ओळखीच्या ओरल सर्जनकडे केली, लोकल भूल देऊन, दोन टाके. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. मॉडरेट एपिथेलियल डिस्प्लेशिया. काका इंजिनिअर म्हणून त्यांना असं समजावलं की अस्तराच्या पेशी विटांसारख्या थरात नीट रचलेल्या असतात, तुमच्या त्या चट्ट्यात खालच्या निम्म्या थरांत विटा वेड्यावाकड्या बसायला लागल्यात, कॅन्सर नाही, पण भिंत आता भरवशाची राहिली नाही. अशा चट्ट्यांपैकी वर्षाला साधारण १ ते २ टक्के कॅन्सरकडे जातात असं आम्हाला शिकवतात, डिस्प्लेशिया असला की तो आकडा वाढतो, आणि जिभेची कड ही त्यातल्या त्यात वाईट जागा. काकांनी विचारलं मग माझा आकडा किती? मी म्हटलं एका माणसाचा आकडा कोणी देऊ शकत नाही काका, चट्टा काढायचा, पाइप थांबवायचा, आणि दर तीन महिन्यांनी मला जीभ दाखवायची.

चट्टा काढला. पण पाइपवर गाडी अडली.

त्यांची बाजू पण नीट मांडते कारण ती बऱ्याच लोकांची असते. एक, मी आत घेत नाही. दोन, यात कागद नाही, केमिकल नाही, शुद्ध पान आहे. तीन, साहेबांनी ८४ व्या वर्षापर्यंत ओढला, काही झालं नाही.

तिसऱ्याचं उत्तर सोपं, जे ६० ला गेले ते आपल्याला सांगायला येत नाहीत. दुसऱ्यासाठी मी त्यांना म्हटलं पाइप उघडा. त्यांनी नळी वेगळी केली, पाइप क्लीनर आत घातला आणि बाहेर काढला, पांढरी सुतळी काळी-तपकिरी, चिकट, आणि वास असा की काकूंनी पदर नाकाला लावला. आठवड्यातून दोनदा हे काम ते स्वतःच्या हाताने करत होते. मी म्हटलं काका, नळी चार इंचांची, एवढं नळीला चिकटलं. पुढे तोंड आहे. डांबर हे कागदातून येत नाही, पान जाळलं की होतंच, बेंझोपायरीन काय किंवा नायट्रोसामाइन काय, ही कॅन्सर करणारी रसायनं शुद्ध पानाच्या धुरातही असतातच. मग हिशेब केला. ५० ग्रॅमचं पाऊच सहा दिवस जातं, फोर्टमधल्या दुकानातून आणायचे. म्हणजे रोजचे आठ ग्रॅम आणि थोडे वर. वर्षाला तीन किलोच्या आसपास. ३३ वर्षांत जवळजवळ शंभर किलो. एका सिगारेटमध्ये पाऊण ग्रॅमही तंबाखू नसते, म्हणजे वजनाने रोजच्या अकरा-बारा सिगारेटी, जेवढ्या सुटल्या होत्या त्याहून जास्तच! हा आकडा त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतला.

आता पहिला मुद्दा, आत घेत नाही. सिगारेटचा धूर आम्लाकडे झुकलेला असतो, त्यातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातून नीट जात नाही म्हणून ओढणाऱ्याला तो छातीत घ्यावाच लागतो. पाइपच्या आणि सिगारच्या तंबाखूचा धूर साधारणपणे अल्कलीकडे झुकतो, आणि अल्कली वातावरणात निकोटीन मोकळ्या रूपात असतं, ते गाल, जीभ, टाळू यातून सरळ रक्तात जातं. म्हणून आत न घेता तलफ भागते. पण त्यासाठी धूर तोंडात घोळवावा लागतो, पाइप चाळीस-पन्नास मिनिटं चालतो, आणि तेवढा वेळ सगळा माल तोंडात, घशात आणि लाळेबरोबर अन्ननलिकेत. फुफ्फुसाचं काम तोंडाने केलं एवढाच फरक. स्वरयंत्र, तोंड, अन्ननलिका यांचे आकडे वर आहेत ते बघा, धूर जिथून जिथून जातो तोच रस्ता आहे.

आणि ‘आत घेत नाही’ हेसुद्धा पूर्ण खरं निघालं नाही.

मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण चालताना बोलत होते तेव्हा मला धाप ऐकू आली होती. ठाणे स्टेशनचा पूल चढताना मध्ये एकदा थांबावं लागतं, पण वय झालं म्हणून होतं असं त्यांचं म्हणणं. मी मुद्दाम सोबत गेले. तिथे एक छोटं मशीन असतं, दहा-पंधरा सेकंद श्वास धरून त्यात फुंकायचं, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतं. काका आत्मविश्वासाने फुंकले. १३ आला. न ओढणाऱ्याचा पाच-सहाच्या आत असतो. निकोटीन तोंडातून रक्तात जातं पण कार्बन मोनॉक्साइड तसा तोंडाच्या अस्तरातून जात नाही, त्याला फुफ्फुसच लागतं. म्हणजे धूर छातीत जात होता, काही झुरके नकळत आत आणि पावसाळ्यात गॅलरीच्या खिडक्या लावून बसायचे ती कोंडलेली हवा आत. जे आधी सिगारेट ओढायचे आणि मग पाइपवर आले त्यांच्यात हे जास्त दिसतं, छातीला आत घ्यायची सवय लागलेली असते, ती पाइपवर आल्याने जात नाही. काकांनी मशीनकडे बघितलं, मग काकूंकडे. काहीच बोलले नाहीत. मला वाटतं त्या क्षणी पाइप सुटायला सुरुवात झाली, माझ्या कुठल्याही आकड्याने नाही.

स्पायरोमेट्रीमध्ये (जोरात फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी) औषध देऊन सुद्धा रेशो, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचा एकूण फुंकलेल्या हवेतला वाटा, ०.६४ आला, ०.७० च्या खाली म्हणजे श्वासनळ्यांत कायमचा अडथळा, सीओपीडी, सुरुवातीची पायरी. हे परत भरून येत नाही. थांबवलं तर पुढची घसरण मंदावते, एवढंच मिळतं, पण ६८ व्या वर्षी ते पण खूप आहे.

सोडण्याची तारीख काकांनी स्वतः ठरवली, गणपतीच्या आदल्या दिवशी. घरी दहा दिवसांचा गणपती, घर भरलेलं, मुलगी-जावई, नातवंडं, तसाही घरात पाइप पेटवायची सोय नाही. दहा दिवस छान गेले. अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं, रात्री सगळे गेले, मखर रिकामं, आणि काका गॅलरीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा मला फोन, रडायच्या बेतात. मी म्हटलं काकू रागावू नका, पहिल्या फटक्यात सुटणारे फार थोडे असतात, दहा दिवस राहिले हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या वेळी तयारी केली. पहिल्यांदा नुसत्या निर्धारावर सोडलं होतं, आता निकोटीन गम दिलं, २ मिलिग्रॅमचं. हे गम च्युइंग गमसारखं चावत बसायचं नसतं, सगळ्यांची इथेच चूक होते आणि मग उचक्या लागतात, मळमळतं. चार-पाच वेळा चावायचं, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, झिणझिण्या गेल्या की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. काकांच्या डावीकडे ऑपरेशन झालेलं म्हणून उजवीकडे ठेवायला सांगितलं. आणि आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नाही. काकांनी विचारलं का? मी म्हटलं तुमचाच पाइप आठवा, तोंड आम्ल झालं की निकोटीन अस्तरातून जात नाही. “म्हणजे पीएच!” आणि खुश झाले. कारण पटलं की हा माणूस नियम मोडत नाही. सकाळचा चहा बरोबर वीस मिनिटं आधी प्यायला लागले.

निकोटीनपेक्षा हातांचं जास्त कठीण गेलं. पाइप हा उद्योग असतो, भरायचा, दाबायचा, दोनदा पेटवायचा, परत दाबायचा, साफ करायचा. संध्याकाळी तलावपाळीच्या बाकावर बसल्यावर हातांना काय द्यायचं? त्यावर उपाय काकूंनी काढला, भाजलेल्या शेंगांची पुडी. दाढा हलत असल्याने काका स्वतः कमीच खायचे, सोलून काकूंच्या हातावर ठेवायचे, पुडी संपेपर्यंत तलफ गेलेली असायची. जोरदार तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढाच वेळ काढायचा असतो.

तीन आठवड्यांनी काकांचा घाबरून फोन, पाइप सोडल्यापासून ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतंय, तोंडात दोन छाले पण आलेत, हे उलटं होतंय का? मला हा फोन येणार माहीत होतं आणि मी आधी सांगायला विसरले होते, ती माझी चूक. सोडल्यावर रक्तवाहिन्या पुन्हा मोकळ्या होतात, हिरड्यांत रक्त पुन्हा फिरायला लागतं, म्हणून दबलेली सूज आता दिसायला लागते. छालेही काही जणांना पहिल्या काही आठवड्यांत येतात आणि जातात. कितीतरी लोक इथेच परत ओढायला लागतात, म्हणतात बघा सोडलं तर त्रास झाला. त्याच आठवड्यात बोलवून हिरड्यांची खोल साफसफाई सुरू केली, चार सिटिंगमध्ये. दोन महिन्यांत रक्त थांबलं, पण या वेळी खरंखुरं.

टाळूचे फोटो मी पहिल्या दिवसापासून काढत होते. सोडल्यावर सहा आठवड्यांनी पहिला फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवून काकांना मोबाइलवर दाखवला. पांढरा थर गेलेला, लाल ठिपके पुसट, टाळू गुलाबी. हे सगळ्यात पटकन बरं होणारं, कारण मूळ कारण उष्णता, ती थांबली की अस्तर पूर्ववत होतं. (आंध्रच्या किनाऱ्यावर जळतं टोक तोंडात ठेवून चुट्टा (गावठी सिगार) ओढायची पद्धत आहे, त्यात टाळूवरच कॅन्सर होतो, त्यामुळे टाळूचं कधीच गंभीर नसतं असं कोणी समजू नये.) काका तो फोटो मुलीला पाठवा म्हणाले.

काकूंबद्दल एक. पाइपच्या तंबाखूला व्हॅनिला, चेरी असले वास लावलेले असतात, काकूंना तो वास आवडायचा, सिगारेटसारखा उग्र नाही म्हणायच्या. पण गोड वासाचा धूर हा धूरच, दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर नाकात गेल्यावर जे आत जातं ते सगळं त्यातही असतं. आता पडदे धुतल्यावर त्यांना कळलं की भिंतीच पिवळ्या झाल्या होत्या. दिवाळीच्या आधी घराचं रंगकाम काढलं.

ज्यांच्या घरी असे काका, आजोबा, सासरे आहेत त्यांना एवढंच सांगते, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा जो पुसून जात नाही, छाला जो दोन आठवड्यांत भरत नाही, ओठावर नळी टेकते तिथली खपली, तीन आठवड्यांवर बसलेला आवाज, गिळताना अडकणं, यातलं काहीही असलं तर टंग बाइट म्हणून सोडू नका, दाखवा. सोडायला मदत हवी असेल तर सरकारची फुकट क्विटलाइन आहे, १८००-११२-३५६. आणि डॉक्टरने विचारलं नाही तर तुम्हीच सांगा, पाइप ओढतो म्हणून. माझ्या क्लिनिकचा फॉर्म मी बदलला, आता त्यात पाइप, सिगार, चिलीम, हुक्का वेगळे लिहिलेत आणि ‘आधी कधी ओढत होतात का, किती वर्षं’ असा वेगळा प्रश्न आहे. पहिल्या दोन महिन्यांतच आणखी एक पाइपवाले निघाले, घोडबंदर रोडचे, त्यांच्या टाळूवर तेच ठिपके.

काकांचं इम्प्लांट मी लगेच केलं नाही. ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी व्हायचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतं, शिवाय हाड आधीच कमी. दाढ काढली, सहा महिने पाइपशिवाय गेले, हिरड्या स्थिर झाल्या, मग बसवलं. दातांमधली ती लंबगोल फट मात्र आपोआप भरत नाही, झिजलेला दात वाढत नाही. ती कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरावाने) बांधून दिली, एका सिटिंगमध्ये झाली. आरसा दिला तर काका आरशात न बघता जिभेने ती जागा चाचपत बसले, बराच वेळ. पाइप अजून घरी आहे, कपाटात, साहेबांची आठवण म्हणून, टाकायला मी पण सांगितलं नाही.

परवा पाइप सोडून १४ महिने झाले. फुफ्फुसाचा रेशो ०.६४ चा ०.६४ च. टाळू स्वच्छ. जिभेच्या कडेवर ऑपरेशनची पातळ रेघ आहे, मऊ आहे, पण रेघेच्या मागे दोन मिलिमीटर एक जागा मला किंचित खरबरीत लागली. फोटो काढला, मोजून लिहून ठेवली, त्या बाजूच्या दाढेची एक टोकदार कड घासून गुळगुळीत केली. काकांना म्हटलं दोन आठवड्यांनी परत या, तशीच राहिली तर परत तुकडा घेऊ. त्यांनी डायरी काढली, तारीख लिहिली, आणि काकूंना म्हणाले त्या दिवशी तलावपाळीला जरा उशिरा जाऊ.